माणूस हजर, ठसा गैरहजर

पत्र

आदरणीय बाई,

मी केज तालुक्यातला. गावाचं नाव छापू नका. अंबाजोगाईला राहून बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन. दोन वर्षं स्पर्धा परीक्षेत गेली, आता वडलांचं रेशन दुकान मीच बघतो. आमच्या गल्लीत एक आजी आहेत. तीसेक वर्षं ऊसतोडीला गेल्या, आता होत नाही. मुलगा-सून दिवाळीनंतर कारखान्याला जातात, आजी दोन नातवंडं घेऊन गावात राहतात. डिसेंबरपासून मशीन त्यांचा अंगठा घेत नाही. पाच-पाच, सहा-सहा वेळा लावायचा, तरी ठसा जुळत नाही. वडील म्हणतात, मशीन नाही म्हणालं की नाही. उद्या तपासणी लागली तर परवाना जाईल, काय उत्तर देशील? मागच्या महिन्यात आजी भर रांगेत म्हणाल्या, "आरं लेकरा, माझी बोटं काय चोरी करून झिजली व्हय?"

त्या दुपारी वडील जेवायला गेले तेव्हा मी आजीला दहा किलो तांदूळ दिला. एक कार्डधारक पुण्याला असतो. तो महिन्याला येऊन अंगठा देतो आणि धान्य आमच्याकडंच सोडून जातो, त्यातला. तेव्हापासून झोप नाही. चूक कुणाची, बाई? शाळेत असताना विज्ञान प्रदर्शनात मी तालुक्यात पहिला आलो होतो. आता वाटतं, या यंत्रांनी माणुसकी खाल्ली. विज्ञान आणि माणुसकी यातलं एकच धरायचं असेल तर मी काय धरू?

– एक मापाडी

उत्तर

प्रिय मापाडी,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. मागच्या नोव्हेंबरात मी स्वतः पाऊण तास मयत होते.

पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ पासून तो अंगठ्यावरही देता येतो, म्हणून मी मोठ्या हौसेनं बँकेत गेले. विज्ञानाची मास्तरीण, नव्या गोष्टीला मागं कशी राहणार! काउंटरवरचा मुलगा माझाच विद्यार्थी निघाला. त्यानं उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, गुडघ्याचं विचारलं, पाणी मागवलं. मग म्हणाला, बाई, अंगठा लावा. लावला. लाल दिवा. उजवा, डावा, पुसून, फुंकर मारून. लालच.

"बाई, सिस्टीम घेत नाहीये."

"तुला मी दिसतेय का?"

"दिसताय की."

"ओळखतोस ना?"

"बाई, नववीत तुम्ही मला वर्गाबाहेर काढलं होतं."

"मग लिही, बाई जिवंत आहेत."

"तसा ऑप्शन नाही, बाई."

हे बोलताना त्याचा चेहरा असा पडला होता की मलाच त्याची कीव आली. शेवटी कुणीतरी ओलसर फडकं आणलं, दहाही बोटं एकेक करून लावली आणि डाव्या हाताच्या अनामिकेनं मला जिवंत केलं. घरी येऊन मी हा किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले. तुझं पत्र वाचल्यावर कळलं की मला हसता आलं कारण माझ्या घरात डबे भरलेले होते. नाहीच जमलं असतं तर दुसऱ्या दिवशी रिक्षा करून पुन्हा गेले असते. तुझ्या आजीच्या लाल दिव्यामागं दोन लेकरांचं ताट आहे.

आता तुझा प्रश्न. तू म्हणतोस, यंत्रांनी माणुसकी खाल्ली. फिजिक्सवाल्यानं इतक्या लवकर यंत्राला राक्षस ठरवू नये. आधी त्याचं वाचन तपासावं.

आठव, प्रयोगशाळेत स्क्रू गेज हातात दिल्यावर पहिल्यांदा काय शिकवलं होतं? तारेची जाडी मोजायच्या आधी जबडे मिटवायचे आणि शून्य त्रुटी बघायची, म्हणजे मध्ये काहीच नसताना वाचन शून्यच येतं का ते. उपकरण उघडल्या उघडल्या त्याची चूक विचारायची, ती वहीत लिहायची आणि मग मोजायला लागायचं. एकतीस वर्षं मी हे शिकवलं. किती पोरं शून्य त्रुटी न बघताच आकडे ठोकायची आणि उत्तर जुळत नाही म्हणून तारेलाच नावं ठेवायची! तुमच्या दुकानातल्या काट्याचं घे. त्याला वैधमापनवाल्यांचा शिक्का लागतो, कारण काटा चुकतो हे सरकारलाही मान्य आहे. काटा चुकला तर आपण तांदळाला खोटं म्हणत नाही. मग अंगठ्याचं मशीन चुकलं तर आजी खोटी कशी ठरते?

ते मशीन काय करतं, हे तुला माहीत असेल, पण वडलांना सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. बोटावरच्या रेषा जिथं संपतात आणि जिथं फुटून दोन होतात, त्या जागा ते टिपतं. आधार काढताना दिलेल्या ठशाशी त्यांचा मेळ घातला जातो. हा मेळ कधीच शंभर टक्के बसत नाही. तू आज दोनदा अंगठा लावलास तरी दोन ठसे एकसारखे येणार नाहीत. दाब वेगळा, घाम वेगळा, कोन वेगळा. म्हणून मेळ किती बसला याचा हिशेब होतो आणि कुणीतरी आधीच ठरवलेली एक रेघ असते. रेघेच्या वर गेलं की हो, खाली राहिलं की नाही. तुझ्या पडद्यावर फक्त हो किंवा नाही येतं. आजीचा ठसा थोडक्यात हुकला की पार हुकला, ते तुला दिसतच नाही.

आणि बोटं का हुकतात? वय झालं की कातडी कोरडी पडते, सैल होते, रेषांचा उठाव जातो. त्यात ज्याचं आयुष्य कोयत्याची मूठ धरण्यात, मोळ्या बांधण्यात, पाचटाच्या पात्यांनी कापून घेण्यात गेलं, उरलेले महिने कापूस वेचताना बोंडांची टोकं टोचून घेण्यात गेलं, त्याच्या बोटांवर रेषा उरणार कुठून? थंडीत तर भेगाच दिसतात. आजीनं रांगेत जे विचारलं ते कुठल्याही तज्ज्ञ समितीपुढं ठेवावं असं आहे. त्या मशीनवर ज्याचा ठसा सहज उमटतो तो बहुतेक करून माझ्यासारखा खुर्चीवर बसलेला माणूस. बघ ना, तिथंही मी हुकले.

ती रेघ जरा नीट बघ. रेघ वर सरकवली तर तोतया आत येणं अवघड होतं, पण खरी माणसंही जास्त अडकतात. खाली सरकवली तर खरी माणसं सुटतात, पण एखादा तोतयाही सुटतो. दोन्ही चुका एकदम शून्यावर आणणारं मशीन अजून कुणी बनवलेलं नाही. म्हणजे कुठली चूक परवडेल, हे कुणातरी माणसाला ठरवावं लागतं. तोतया सुटला तर सरकारचे पाच-पंचवीस किलो जातील. खरा अडकला तर एक चूल विझेल. यातलं कुठलं नुकसान कुणाच्या खांद्यावर टाकायचं, हे भौतिकशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. ते न्यायाचं काम आहे, आणि ते मशीनमध्ये गुपचूप आधीच करून ठेवलेलं असतं. आपल्याला वाटतं मशीननं निर्णय दिला. मशीननं फक्त निरोप सांगितला.

मशीनची बाजूही सांगते, नाहीतर वडील म्हणतील बाईंना काय कळतंय. मी लहान होते तेव्हा रेशनचा गहू कुठं जायचा हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं. मेलेल्यांच्या नावावर साखर उचलली जायची. रजिस्टरवर शाईचे अंगठे एकाच माणसाचे असायचे आणि तो माणूस बहुतेक दुकानातच बसलेला असायचा. (तुमच्या दुकानाबद्दल म्हणत नाही, पण तुझे आजोबा असतील तर विचार, गालात हसतील.) ती चोरी अडवायला मशीन आलं आणि बरीच अडली, हे मान्य करायला हवं. आधारचं पहिलं कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. आपण कोण हे सांगायला ज्यांच्याकडं कागद नाही, त्यांना ओळख मिळावी म्हणून. आता तीच ओळख एका बाईला तिच्या गल्लीत, तिला लहानपणापासून बघणाऱ्या पोरासमोर, अनोळखी ठरवते. हेतू वाईट नव्हता. शून्य त्रुटी कुणी वहीत लिहिली नाही, एवढंच.

माझीही एक चूक सांगते.

१९९३ साली मी नववीला भूगोलही शिकवायचे, मास्तर कमी होते म्हणून. फळ्यावर मी माझ्या हातानं लिहिलं होतं: दख्खनचे पठार स्थिर आहे. पोरांनी वहीत उतरवून घेतलं. तेव्हाच्या भूकंपाच्या अधिकृत नकाशात आपला हा लातूर-धाराशिवचा भाग पट्टा १ मध्ये होता, म्हणजे देशातला सगळ्यात कमी धोक्याचा. त्या वर्षी ३० सप्टेंबरला, आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपलेले, पहाटे चारच्या आत किल्लारी हललं. आमच्याकडं फळीवरची भांडी खाली आली. तिकडं दगड-मातीच्या रुंद भिंती आणि मातीची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो गेले. शाळा भरल्यावर एका मुलीनं वही उघडून माझ्यापुढं धरली. त्या ओळीवर बोट ठेवलं, तोंडातून शब्द काढला नाही. तिचे मामा औसा तालुक्यातले.

मी त्या दिवशी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. काहीतरी थातुरमातुर दिलं असणार. पण पुढं काय झालं ते सांगते. तो नकाशा बदलला. भूशास्त्रज्ञ आले, जमिनीत मोजमापं झाली, आणि २००२ च्या नव्या मानकात पट्टा १ ठेवलाच नाही, किल्लारीचा परिसर पट्टा ३ मध्ये गेला. "आमच्या नकाशात तुमच्याकडं भूकंप होत नाही, सबब तुमच्या भिंती पडल्या नाहीत" असं कुणी म्हणालं नाही. नकाशा आणि जमीन यांचं पटलं नाही तेव्हा जमीन खरी मानली आणि नकाशा खोडला. मी याला विज्ञान म्हणते. तुझ्या दुकानात याच्या उलट चाललंय. तिथं जमीन खोडून नकाशा जपतायत. म्हणून आजीला उपाशी ठेवणाऱ्या गोष्टीला तू विज्ञान म्हणतोस तेव्हा मला राग येतो.

यंत्र अगदी बिनचूक असलं तरी सगळं भागतं असंही समजू नको. आपल्या बीड जिल्ह्यानं ते भोगलंय. सोनोग्राफीचं मशीन खोटं बोलत नव्हतं. पोटात मुलगी आहे तर मुलगीच दाखवत होतं. बाळ-बाळंतीण सुखरूप राहावी म्हणून आलेलं ते मशीन. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागं आपल्या जिल्ह्यात ८०७ मुली उरल्या होत्या. असं निदान करायला बंदी घालणारा कायदा देशात पहिल्यांदा आपल्याच राज्यानं केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ ला आला. तरी हे झालं. मशीन अचूक, डॉक्टर शिकलेले, कायदा जागेवर, आणि शाळेतल्या हजेरीपटावर मुलींची पानं पातळ. तिथं रेघ सासू-सासऱ्यांच्या मनात आखलेली होती.

आता तुझ्या तांदळाकडं येते. इथं तुला बोलणी बसणार आहेत.

आजीला तांदूळ दिलास यात मला काही वावगं दिसत नाही. पण तो तांदूळ तुझ्या दुकानात पडून कसा होता? पुण्याचा माणूस येतो, अंगठा देतो, हिरवा दिवा लागतो, पावती निघते, आणि धान्य तुमच्याकडंच राहतं. एरवी त्याचं काय होतं, हे मी विचारत नाही, तूही सांगू नको. एवढंच बघ की ज्याला धान्य नको त्याला मशीन हो म्हणालं आणि जिला हवं तिला नाही म्हणालं. आणि तुझ्या वडलांना या दोन्हीत नियमाप्रमाणं काहीच चुकीचं दिसलं नाही! मशीनचं ऐकणारा माणूस प्रामाणिकच असतो असं नाही, रे. कधी कधी त्याला लपायला आडोसा हवा असतो. त्या पुण्याच्या माणसाचं प्रकरण या महिन्यापासून बंद कर. त्याला सांग, धान्य घेऊन जा, नको असेल तर हक्क सोड, पण आमच्या पोत्यात ठेवू नको. वडील चिडतील. चिडू दे.

दुसरं म्हणजे, तू चोरून दिलंस. त्यानं एक वेळ भागली, आणि मशीनची चूक झाकली गेली. सरकारी नोंदीत आज काय दिसतं? पुण्याच्या गृहस्थांनी धान्य नेलं. आजीनं नेलं नाही. उपाशी राहिली असं नाही दिसत, आलीच नाही असं दिसतं. सलग काही महिने धान्य उचललं नाही की कार्ड तपासणीच्या यादीत जातं. उद्या आजीचं नाव त्या यादीत निघालं तर तू काय दाखवणार? तुझी माया कुठंही लिहिलेली नाही. तालुक्याच्या साहेबाला वाटतं केज तालुक्यात सगळं सुरळीत आहे, कारण तुझ्यासारखी चार भली पोरं मागच्या दारानं पोती सोडतायत. मला सांग, प्रयोगात आलेलं चुकीचं वाचन तू गुपचूप खोडून आपल्या मनानं बरोबर आकडा लिहिलास तर मी किती मार्क देईन?

तर माणुसकी कर, पण नोंदवून कर. तुला वाटतं तेवढी तिला बेकायदा वाट धरावी लागत नाही.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क दिलाय, जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं. कार्डावर पाच नावं असतील तर २५ किलो. हक्क माणसाचा आहे, अंगठ्याचा नाही. ठसा जुळला नाही तर काय करायचं, हे खुद्द आधार प्राधिकरणानं २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकात लिहून ठेवलंय: घरातल्या दुसऱ्या कुणाचा ठसा, डोळ्याचं बुबुळ, मोबाईलवरचा ओटीपी, आणि काहीच नाही चाललं तर कार्ड बघून, अपवाद म्हणून नोंद करून लाभ द्यायचा. सर्वोच्च न्यायालयात आधारचा निकाल २६ सप्टेंबर २०१८ ला लागला. तिथं सरकारनं शब्द दिला की ठसा जुळला नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवणार नाही, आणि बहुमताच्या निकालानं तो शब्द नोंदवून घेतला. पाचांपैकी एक न्यायमूर्ती, धनंजय चंद्रचूड, यांनी वेगळा निकाल लिहिला. माणसाची प्रतिष्ठा आणि हक्क गणिती शक्यतांवर टांगून ठेवता येणार नाहीत, असा त्यांचा रोख होता. म्हणजे योजना हवी म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघांचंही आजीच्या बाबतीत जवळजवळ एकमत. अडलं कुठं? तुमच्या दुकानाच्या फळीवर.

येत्या महिन्यात आजीला रांगेत उभं करू नको. दुपारी, गर्दी ओसरल्यावर बोलाव. मशीनची काच आधी पूस; गव्हाचा भुसा आणि लोकांच्या बोटांचं तेल बसून ती किती मळते हे तुला सांगायला नको. आजीला कोमट पाण्यात हात बुडवून बसू दे, मग कोरडे नाही, ओलसर राहतील इतके पुसायचे. अंगठ्याचा हट्ट सोडून दहाही बोटं लाव, अनामिकेला विसरू नको. तरी नाही झालं तर मुलाला फोन कर. त्याचा नंबर आधारला जोडलेला असेल तर ओटीपी येईल, पण तो फडात असतो, आणि फडात रेंज नसते. तेव्हा आदल्या रात्रीच वेळ ठरवून घे. कारखान्याजवळच्या दुकानातून त्याला स्वतःला धान्य उचलता येतं हे खरं, पण मग धान्य तिकडं आणि चूल इकडं. नातवाचा ठसा चालेल का, हे पुरवठा निरीक्षकालाच विचार. त्याआधी कार्डावर त्याचं नाव आणि आधार आहे का, आणि पाच वर्षांचा झाल्यावर बोटांचे ठसे दिले होते का ते बघ. आणि आजीला एकदा आधार केंद्रावर नेऊन ठसे नव्यानं द्यायला लाव, डोळ्यांचेही. जाताना लेकरांना शेजारी ठेवा, दिवस जातो.

हे सगळं करूनही लाल दिवाच लागला तर केजला तहसीलच्या पुरवठा शाखेत आजीच्या नावानं अर्ज दे आणि अपवाद म्हणून धान्य देण्याची लेखी परवानगी माग. पोच घेतल्याशिवाय परत येऊ नको. साहेब म्हणतील, पोच कशाला, मी सांगतो ना. हसून म्हणायचं, साहेब, वडील परवान्याला भितात. खोटंही नाही ते. वडलांना खरी धास्ती तपासणीची आहे, आणि तपासणीत साठा का कमी याचं उत्तर पोचेच्या कागदाइतकं चांगलं कुणीच देणार नाही. हे त्यांना पटेल, कारण ते धंद्याचं बोलणं आहे. तरी नाहीच हललं तर त्याच २०१३ च्या कायद्यात जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे आणि हक्काचं धान्य न मिळाल्यास भत्ता देण्याची तरतूदही आहे. रेशनच्या तक्रारीचा नंबर १९६७. आजीच्या नातीला पाठ करायला दे, तिला मजा वाटेल.

आणखी एक काम सांगते, ते तुझ्या बी.एस्सी.ला शोभेल. एक दोनशे पानी वही आण. ज्याचा ठसा हुकेल त्याची ओळ लिही: तारीख, वेळ, कितव्या बोटाला जमलं किंवा नाही जमलं, वय, काय काम करतो, शेवटी धान्य मिळालं की नाही. आधार नंबर पूर्ण लिहू नको, शेवटचे चार आकडे पुरेत. लोकांचे नंबर वह्यांमधून फिरायला नकोत. तीन महिने लिही. मला वाटतं त्या वहीत ऊसतोडवाले, खडी फोडणारे, म्हातारे आणि एकट्या राहणाऱ्या बाया यांचीच नावं जास्त निघतील, पण मला वाटतं म्हणून लिहू नको. निघतील ती लिही. मग ती वही गावच्या दक्षता समितीपुढं आणि ग्रामसभेत ठेव. आजीची एकटीची तक्रार म्हातारीची किरकिर वाटते. तीन महिन्यांच्या नोंदी कुणाला किरकिर म्हणता येत नाहीत. तालुक्यात पहिला आलेला प्रकल्प तू कशावर केला होतास? यापेक्षा बरा होता का?

विज्ञान की माणुसकी, हा प्रश्न तू मला टाकलास. तुझ्या शाळेच्या पुस्तकात सुरुवातीला नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असायची, आपण सगळे ते पान उलटून धड्यावर जायचो. घटनेचं ५१ क कलम, १९७६ साली आलेलं. त्यात वैज्ञानिक दृष्टी आणि मानवतावाद एकाच ओळीत आहेत, दोघांमध्ये एक स्वल्पविराम. लिहिणाऱ्यांनी 'किंवा' घातलेलं नाही. तू घातलंस.

अर्ज लिहिताना एक काळजी घे. "मशीन नादुरुस्त असल्यामुळे" असं लिहू नको. ते दुसरं मशीन पाठवतील आणि त्यातही आजी हुकेल. "ठसा जुळत नाही. कार्डधारक व्यक्ती समक्ष हजर आहे. मी तिला ओळखतो," असं लिही, आणि खाली स्वतःची सही कर, पूर्ण नावानं. माझ्या त्या बँकेतल्या पोराला जे लिहायला जागा नव्हती, ती तुझ्याकडं कोऱ्या कागदाची आहे. पोच मिळाली की मला कळव. आणि आजीला विचार, त्यांना संक्रांतीचे तीळगूळ पोहोचले का कुणाकडून. नसतील तर माझ्याकडून दे.

तुझी,
बाई